पाइप बसला, पण जागेवर बसला का?

ॲक्सिलरेटरवर पाय नाही, तरी इंजिन आपलेआप रेस घेते, सोडते, पुन्हा घेते. गॅरेजमध्ये याला हंटिंग म्हणतात. मालक आधी प्लग बदलतो, मग पेट्रोल फिल्टर. कोणी इंजेक्टर साफ करायला सांगतो, कोणी थेट ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, गेल्याचे जाहीर करतो. बराच पैसा गेल्यावर एखादा जुना मिस्त्री टॉर्च घेऊन थ्रॉटल बॉडीच्या मागे वाकतो आणि वीतभर लांबीचा रबरी पाइप बाहेर काढतो. तो पाइप एकतर टोकाला चिरलेला असतो, नाहीतर धडधाकट असूनही भलत्याच निपलवर बसवलेला असतो. पहिला दोष निदान डोळ्यांना दिसतो. दुसरा दिसत नाही, कारण पाइप घट्ट बसलेला असतो, क्लिपही जागेवर असते.

अमळनेर, पारोळा, चोपडा, धरणगाव, शिरपूर या पट्ट्यात एमएच १९ आणि एमएच १८ पाट्यांच्या जुन्या एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या, गाड्या अजून रोजच्या कामाला जुंपलेल्या दिसतात. १९९८ साली आलेल्या सँट्रो, मॅटिझ आणि पहिली होंडा सिटी. २०००च्या सुमारास इंजेक्शनवर गेलेल्या मारुती ८००, झेन आणि एस्टीम. मारुती ८००चे उत्पादन जानेवारी २०१४मध्ये थांबले, म्हणजे त्यातली सर्वांत तरुण गाडीही आता दहा वर्षांच्या पुढे गेली. कायद्याच्या लेखी व्हिंटेज ठरायला २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटावी लागतात. तितका पल्ला यांपैकी एकीनेही गाठलेला नाही. पण शौकिनांनी मात्र एस्टीम आणि जुन्या सिटीला कधीच क्लासिक करून टाकले आहे. या गाड्यांचे इंजिन सहसा दगा देत नाही. दगा देते ते त्याच्या अवतीभवतीचे रबर, आणि त्याहून जास्त ते रबर बदलताना झालेली अदलाबदल.

इंजिनात निर्वात कुठून येतो?

पिस्टन खाली जातो तेव्हा सिलिंडर हवा ओढतो. ही हवा थ्रॉटलच्या झडपेतून येते. इंजिन नुसते चालू असताना, म्हणजे आयडलिंगला, ती झडप जवळजवळ बंद असते. सिलिंडर तर ओढतच असतात. त्यामुळे झडप आणि सिलिंडर यांच्यामधल्या पोकळीत, म्हणजे इंटेक मॅनिफोल्डमध्ये, हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा खूप कमी होतो. गॅरेजच्या भाषेत हाच व्हॅक्यूम.

समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब साधारण १०१ किलोपास्कल असतो. आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये त्यातले ३० ते ४० किलोपास्कलच उरतात. मिस्त्रीच्या गेजवर हाच फरक पाऱ्याच्या १८ ते २१ इंचांत दिसतो. उंची दर हजार फुटांनी वाढली की हे वाचन साधारण एक इंचाने उतरते. अमळनेर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास आहे, म्हणून इथे अर्धा-पाऊण इंच कमी दिसले तर घाबरायचे कारण नाही.

हा दाबातला फरक किती ताकदीचा असतो, हे जर्मनीच्या ऑटो फॉन गेरिकने १६५४ साली दाखवून दिले होते. दोन धातूचे अर्धगोल एकमेकांना लावून त्याने आतली हवा काढली, आणि पुढे असे गोल घोड्यांच्या जोड्यांनाही ओढून सुटेनात. आपल्या गाडीत हीच ताकद ब्रेक हलका करते. आठ इंच व्यासाच्या ब्रेक बूस्टरच्या पडद्यावर आयडलिंगच्या व्हॅक्यूमने साधारण दोनशे किलोंचा जोर मिळतो. तो जोर नसेल तर सगळा भार पायावर येतो.

पाय दाबला की थ्रॉटल उघडतो, बाहेरची हवा आत घुसते आणि व्हॅक्यूम घटतो. थ्रॉटल पूर्ण उघडा असला की मॅनिफोल्डमधला दाब जवळपास बाहेरच्याइतकाच होतो. म्हणजे मॅनिफोल्डमधल्या दाबावरून इंजिनवर किती भार आहे ते कळते. इंजेक्शनची सगळी गणिते याच एका गोष्टीवर उभी आहेत.

कार्बोरेटर गेला, दाब मोजायची वेळ आली

इंजिन कार्बोरेटरमधून हवा ओढायचे आणि त्या हवेच्या ओढीनेच पेट्रोल खेचले जायचे. मोजमाप वेगळे करावे लागत नसे. इंजेक्शनमध्ये पेट्रोल दाबाखाली तयारच असते. किती वेळ इंजेक्टर उघडा ठेवायचा हे ईसीएम ठरवतो, आणि त्यासाठी आत किती हवा गेली हे त्याला कळावे लागते. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागते. हवेचा अंदाज चुकला की हे प्रमाण बिघडले.

हवा मोजण्याच्या दोन रीती आहेत. एक, येणारी हवा वाटेतच मोजायची. त्यासाठी एअर फिल्टरनंतर मास एअर फ्लो सेन्सर लागतो. दुसरी, मॅनिफोल्डमधला दाब, इंजिनचा वेग आणि हवेचे तापमान यांवरून हिशेब मांडायचा. त्यासाठी मॅप सेन्सर लागतो. दुसरी रीत बॉशने १९६७ साली फोल्क्सवॅगन १६००मध्ये बाजारात आणली. स्वस्त आणि सुटसुटीत असल्याने पुढे छोट्या जपानी आणि कोरियन गाड्यांनी तीच उचलली. १ एप्रिल २००० पासून देशभर युरो-१च्या तोडीचे प्रदूषण निकष लागू झाले. कार्बोरेटरच्या जोरावर ते पाळणे जड जाऊ लागले आणि आपल्या रस्त्यांवर एमपीएफआय शब्द प्रत्येक गाडीच्या मागच्या काचेवर दिसू लागला.

या दोन रीतींचा फरक दुरुस्ती करणाऱ्याने पक्का लक्षात ठेवावा. हवा वाटेत मोजणाऱ्या गाडीत मॅनिफोल्डला गळती झाली, तर ती जास्तीची हवा न मोजताच आत जाते. पेट्रोल कमी पडते आणि इंजिन मिस होते. दाब मोजणाऱ्या गाडीत गळतीने मॅनिफोल्डचा दाबच वाढतो. सेन्सर तो प्रामाणिकपणे सांगतो, ईसीएम पेट्रोलही वाढवतो आणि आयडलिंग चढते. मग आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह हवा कमी करायला बघतो, वेग पडतो, पुन्हा वाढवायला बघतो. हंटिंग सुरू होते ती इथून. एकच गळती, पण दोन गाड्यांत दोन तऱ्हांची लक्षणे.

झडपेच्या वर की खाली?

पाइप जोडताना पहिला प्रश्न जाडीचा नसतो. ज्या निपलवर तो बसवायचा, त्याचे आतले भोक थ्रॉटलच्या झडपेच्या कोणत्या बाजूला उघडते, हा पहिला प्रश्न.

झडपेच्या खाली, इंजिनच्या बाजूला उघडणाऱ्या निपलवर मॅनिफोल्ड व्हॅक्यूम मिळतो. आयडलिंगला तो सर्वांत जास्त असतो, पाय दाबला की घटतो. झडप बंद असताना तिच्या कडेच्या किंचित वर उघडणाऱ्या निपलवर मात्र आयडलिंगला काहीच ओढ नसते. झडप जराशी उघडली की तिची कड त्या भोकाला ओलांडते आणि मग तिथे व्हॅक्यूम येतो. याला पोर्टेड व्हॅक्यूम म्हणतात. बाहेरून बघाल तर दोन्ही निपल सारखे, एकाच मापाचे, कधी कधी बोटाच्या पेराइतक्या अंतरावर शेजारी शेजारी. काम मात्र अगदी उलटे.

थ्रॉटल बॉडी साफ करायला खाली उतरवली आणि परत बसवताना हे दोन पाइप एकमेकांच्या जागी गेले, तर काय होते ते बघण्यासारखे आहे. समजा मॅप सेन्सरचा पाइप पोर्टेड निपलवर गेला. आयडलिंगला त्या भोकावर ओढ नाही, म्हणून सेन्सरला बाहेरच्या हवेचा, म्हणजे शंभराच्या आसपास किलोपास्कलचा दाब लागतो. ईसीएमचा समज होतो की थ्रॉटल पूर्ण उघडा आहे, चढावर गाडी खेचते आहे. प्रत्यक्षात मॅनिफोल्डमध्ये ३५ किलोपास्कलच आहेत. तो जवळजवळ तिप्पट पेट्रोल सोडतो. सायलेन्सरमधून काळा धूर, प्लगवर काजळी, पेट्रोलचा वास आणि शेवटी इंजिन बंद. आता हीच गाडी रेस ठेवून धुळ्याच्या रस्त्याला लावा. झडप उघडताच पोर्टेड निपलवर व्हॅक्यूम येतो, सेन्सरचे वाचन खऱ्याच्या जवळ जाते आणि गाडी सुरेख पळते. रेल्वे फाटकाशी थांबली की पुन्हा काळा धूर, पुन्हा बंद. पळताना उत्तम आणि थांबताना वाईट, हे लक्षण दिसले की इंजेक्टरला हात लावण्याआधी या दोन निपलांकडे बघावे.

अशा वेळी चेक इंजिनचा दिवा लागेलच असे नाही. सेन्सर बिघडला, तार तुटली, व्होल्टेज पट्ट्याबाहेर गेले तर ईसीएमला कळते. इथे सेन्सर खरेच सांगतो आहे, फक्त भलत्या जागेचे. त्या पिढीतल्या पुष्कळ ईसीएमना ही चूक ओळखता येत नाही. स्कॅनर लावून काही सापडले नाही म्हणून सगळे ठीक, असे मानणारा मिस्त्री इथेच फसतो.

कोणता पाइप कशासाठी?

मॅप सेन्सर काही गाड्यांत मॅनिफोल्डवरच बसवलेला असतो, काहींत फायरवॉलवर असतो आणि तीन-चार मिलिमीटर आतल्या मापाचा पाइप त्याला जोडलेला असतो. हा पाइप शक्यतो स्वतंत्र असावा, त्याच्यावर टी घालून दुसरे काही जोडू नये. सेन्सर मॅनिफोल्डपेक्षा वरच्या पातळीवर आणि पाइपला उतार मॅनिफोल्डकडे, अशी मांडणी हवी. पाइप मध्येच खाली झोलला तर त्या खोलगट भागात पेट्रोलची वाफ आणि ओल साचते आणि सेन्सरला दाब उशिरा कळतो. किल्ली लावलेली पण इंजिन बंद असताना अशा सेन्सरचे व्होल्टेज बहुधा चारच्या पुढे असते, आयडलिंगला एक ते दीडच्या आसपास उतरते. इंजिन सुरू होऊनही ते उतरले नाही तर पाइप बघायचा.

पेट्रोलच्या रेलवर बसवलेल्या प्रेशर रेग्युलेटरलाही मॅनिफोल्ड व्हॅक्यूमच लागतो. इंजेक्टरच्या एका टोकाला पेट्रोलचा दाब, दुसऱ्या टोकाला मॅनिफोल्डमधला. या दोहोंतला फरक कायम राहिला तरच ठरावीक वेळात ठरावीक पेट्रोल बाहेर पडते. म्हणून आयडलिंगला रेग्युलेटर रेलचा दाब साधारण अर्ध्या बारने उतरवतो. हा पाइप काढल्यावर रेलवरचा दाब तेवढाच चढला पाहिजे. काढलेल्या पाइपात पेट्रोलचा ओलावा दिसला तर रेग्युलेटरचा पडदा फाटला आहे. ते पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये जाते आणि ॲव्हरेज खाते. पुढच्या काही गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच गेला. तिथे हा पाइप शोधत बसू नये.

ब्रेक बूस्टरचा पाइप सर्वांत जाड. त्याच्यात एकतर्फी व्हॉल्व्ह असतो, कधी पाइपच्या पोटात, कधी बूस्टरच्या तोंडाशी. त्याच्यावर बाण असेल तर तो इंजिनकडे हवा. इंजिन बंद पडले तरी बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा ब्रेक मारण्यापुरता व्हॅक्यूम शिल्लक राहावा, हे या व्हॉल्व्हचे काम. कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना किंवा सेंधव्याकडचा बिजासन घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणारे अजून भेटतात. त्यांच्या हातात तेवढेच दोन-तीन ब्रेक असतात. पुढे पेडल दगडासारखे होते.

पीसीव्हीचा पाइप क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात आणतो. त्यातला छोटा व्हॉल्व्ह आयडलिंगला वाट अरुंद करतो, भाराखाली मोकळी करतो. हलवल्यावर खुळखुळला तर बहुधा ठीक. तो काढून सरळ साधा पाइप लावला तर मॅनिफोल्डला मोठे भगदाड पडल्यासारखे होते. तो चोंदला तर आतला दाब तेलाच्या सीलमधून वाट शोधतो.

कॅनिस्टर म्हणजे कोळशाचा डबा. टाकीतली पेट्रोलची वाफ तो धरून ठेवतो आणि गाडी पळू लागली की ती इंजिनात पाठवतो. म्हणून त्याची वाट पोर्टेड निपलवर किंवा ईसीएमच्या ताब्यातल्या सोलेनॉइडमधून असते. ती थेट मॅनिफोल्डवर जोडली तर मे महिन्यातल्या तापलेल्या टाकीची सगळी वाफ आयडलिंगलाच आत येते. अमळनेरला बोरी नदीकाठी वैशाखात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. पारा पंचेचाळिशीकडे झुकलेला, एसी चालू आणि गाड्या रांगेत उभ्या, अशा गर्दीत उगाच बंद पडणाऱ्या गाडीचे कारण कधी कधी हेच असते. ईजीआर, म्हणजे थोडा जळका धूर परत इंजिनात घेणारी झडप, असलेल्या गाड्यांत त्याचा पाइपही पोर्टेडवर हवा. तो मॅनिफोल्डवर गेला तर आयडलिंगलाच जळका धूर आत येतो आणि इंजिन थरथरून थांबते.

मणी आणि चकत्या

पाइपांच्या वाटेवर काही बारीक वस्तू असतात. आतून अगदी बारीक भोक असलेला पितळी किंवा प्लास्टिकचा मणी पाइपच्या पोटात बसवलेला असतो. तो ओढ हळू पोहोचवतो. दोन रंगांची चकतीसारखी एकतर्फी झडप असते आणि तिची कोणती बाजू इंजिनकडे हे रंगावरून ठरते. नवा पाइप कापून लावताना जुना कचऱ्यात जातो आणि मणीही त्याच्याबरोबर जातो. मग पाइप बरोबर निपलवर असूनही गाडी आधीसारखी वागत नाही. जुना पाइप टाकण्याआधी दोन बोटांत धरून टोकापासून टोकापर्यंत चाचपावा. मध्ये कठीण गाठ लागली तर चिरून बघावे आणि मणी नव्या पाइपात त्याच जागी बसवावा.

खान्देशी उन्हाळा आणि रबर

रबर उष्णतेने म्हातारे होते. तापमान दहा अंशांनी वाढले की झिजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. बाहेरच ४५ अंश असताना बॉनेटखाली, तेही एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या शेजारी, काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. पाइप बहुधा मधोमध फुटत नाही. निपलवर ताणलेले टोक आधी कडक होते. टोकाचा सेंटिमीटरभर भाग वाकवून बघितला तर बारीक उभ्या चिरा उघडतात. सोडल्यावर तो पूर्वीसारखा उसळत नाही. महिनोन्महिने उभ्या गाडीत उंदीरही हात मारतात, आणि त्यांना बारीक पाइप जास्त आवडतात.

टोकच गेले असेल आणि पाइप पुरेसा लांब असेल तर तेवढे कापून परत बसवता येते. पण पाइप आखडता होऊन ताणला जात असेल तर नवाच घ्यावा. घेताना कामाप्रमाणे रबर निवडावे. मॅपसारख्या नुसत्या हवेच्या पाइपाला ईपीडीएम किंवा सिलिकॉन चालते, दोन्ही उष्णता सोसतात. पण पेट्रोल आणि तेल लागले की ईपीडीएम फुगते आणि सिलिकॉनही पेट्रोलपुढे फार टिकत नाही. म्हणून पीसीव्हीला तेल सोसणारे नायट्रिलसारखे रबर, तर रेग्युलेटर आणि कॅनिस्टरला पेट्रोलसाठी बनवलेला पाइप. ब्रेकला फक्त ब्रेक व्हॅक्यूमचाच पाइप, त्याच्या भिंतीत विणलेला धागा असतो. साधा पाइप त्या ओढीने आतून चपटा होतो, आणि बाहेरून मात्र ठाकठीक दिसतो.

जळगाव जिल्हा ठिबकचा. त्यामुळे मायक्रोट्यूबचा तुकडा इथे सहज हाती लागतो. सलाईनची नळीही अनेक गाड्यांच्या बॉनेटखाली सापडते. रस्त्यात अडलेल्या गाडीला घरी आणण्यापुरता हा जुगाड क्षम्य. पण हे प्लास्टिक तापले की मऊ पडते, निपलवरून सरकते, नाहीतर वळणावर चिमटते. ठिबकच्या लॅटरलला एका जागी भोक पडले की शेवटच्या झाडापर्यंतचा दाब बिघडतो, तसेच मॅनिफोल्डचेही आहे. गळती एका निपलवर असली तरी बिघडते सगळेच.

गॅस किटवाल्या गाड्या

एलपीजी किंवा सीएनजी किट बसवलेल्या गाडीत पाइपांची एक नवी फांदी फुटते. सिक्वेन्शियल किटला स्वतःचा दाबाचा सेन्सर असतो, रिड्यूसरलाही मॅनिफोल्डची ओढ लागते. त्यासाठी कुठल्यातरी मूळ पाइपात टी घातला जातो. तो मॅपच्या पाइपात गेला तर पेट्रोलवरचे वाचनही डळमळते. किट काढून टाकल्यावर टी तसाच राहतो आणि त्याचे मोकळे तोंड स्क्रू घालून बुजवलेले असते. स्क्रूच्या आट्यांतून हवा येतच राहते. जुनी गाडी घेताना बॉनेट उघडून असे पोरके टी शोधावेत. सापडला तर मध्ये अखंड पाइप घालावा, टीचे तोंड बुजवत बसू नये.

काढण्याआधी आणि बसवल्यावर

काम सुरू करण्याआधी मोबाइलने तीन बाजूंनी फोटो काढावेत. पण फोटोत पाइप कुठून निघतो ते दिसते, मागे कुठे जातो ते दिसत नाही. म्हणून प्रत्येक पाइपच्या दोन्ही टोकांना आणि दोन्ही निपलांना एकच आकडा लिहिलेला चिकटपट्टीचा तुकडा लावावा. सगळे पाइप एकदम काढू नयेत. एक काढावा, तो बदलावा, बसवावा, मग दुसरा. काही गाड्यांच्या बॉनेटखाली पाइपांच्या मार्गाचा नकाशा स्टिकरवर छापलेला असतो. बॉनेट रंगवताना तो बहुधा जातो, तेव्हा त्याच मॉडेलच्या आणि त्याच इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला नकाशा धरावा. शेजाऱ्याच्या गाडीवर बघून जोडणे धोक्याचे. नाव एक असले तरी वर्षागणिक इंजिन आणि निपलांच्या जागा बदललेल्या असतात.

नकाशा मिळालाच नाही तर निपल स्वतः सांगतो. इंजिन चालू ठेवून त्याच्यावर बोटाचे टोक धरावे. आयडलिंगला बोट ओढले गेले तर मॅनिफोल्ड. आयडलिंगला ओढ नाही पण हलकी रेस दिल्यावर आली, तर पोर्टेड. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात आणि बाही दूर ठेवावी.

पाइपाची लांबी मूळ होती तेवढीच ठेवावी. वळण मोठे असावे, चिमटा बसता कामा नये. एक्झॉस्टपासून अंतर, थ्रॉटलच्या केबलला अडथळा नाही आणि मूळ क्लिपांतूनच वाट, एवढे बघावे. निपलवर पाइप चढवताना तेल किंवा ग्रीस लावू नये, पाण्याचे बोट पुरते.

आता पडताळणी. गेज लावून इथल्या उंचीला आयडलिंगला काटा १७ ते २० इंचांवर स्थिर आहे का ते बघावे. स्थिर पण खूप खाली असेल तर गळती किंवा टायमिंग मागे. नेमाने उडत असेल तर आतल्या व्हॉल्व्हची शंका. क्षणभर रेस देऊन सोडली की काटा शून्याकडे जाऊन वर उसळतो आणि मग जागेवर येतो. गळतीचा शोध लांब पाइपाचे एक टोक कानाशी धरून, दुसरे टोक प्रत्येक जोडाजवळ फिरवूनही लागतो, फुसफुस लगेच पकडली जाते. जोडांवर पेट्रोल उडवून आवाज बदलतो का बघण्याची जुनी पद्धत मात्र सोडून द्यावी. तापलेल्या एक्झॉस्टवर एक थेंब पडला तरी गाडी पेटू शकते. मोठ्या शहरांतल्या गॅरेजात आता हलक्या दाबाने धूर सोडणारे यंत्र असते, ते सर्वांत खात्रीचे. ब्रेकची परीक्षा बिनखर्चाची आहे. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारावे, मग पेडलवर पाय ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल जरासे खाली गेले तर बूस्टरला ओढ मिळते आहे.

हे सगळे फक्त ॲव्हरेजसाठी नाही. पीयूसीच्या चाचणीत भारत स्टेज-२ आणि ३च्या पेट्रोल कारला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमच्या आत ठेवावे लागते. त्याआधीच्या गाड्यांना ३ टक्के आणि १५०० पीपीएमची मुभा आहे. मॅपचा एक चुकीचा पाइप ही मर्यादा सहज ओलांडून देतो. वर न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो निकामी करते, आणि तो पाइपाच्या भावात येत नाही. पंधरा वर्षांनंतर पुनर्नोंदणी, पुढे दर पाच वर्षांनी पुन्हा तपासणी. जुनी गाडी रस्त्यावर ठेवायची तर ही दारे ओलांडावीच लागतात.

तेव्हा पुढच्या वेळी थ्रॉटल बॉडी साफ करायला गाडी सोडाल, तेव्हा मिस्त्रीला दोन गोष्टी सांगा. पाइपांना आकडे लावल्याशिवाय हात लावू नका, आणि काम झाल्यावर जुने पाइप फेकू नका, मला दाखवा. गाडी नीट चालत असतानाच एक निवांत रविवार काढून तुमच्या इंजिनच्या पाइपांचा हाताने नकाशा काढा: कोणता निपल, कोणता पाइप, कुठे जातो, मणी कुठे आहे. तो कागद आरसी बुकाच्या पाकिटात ठेवा. गाडी विकाल तेव्हा नव्या मालकाला किल्लीबरोबर तोही द्या.